ओएनटी ब्रिजला टाकाच? का म्हणून?

तारजोड: कालच्या धाग्यात ठोकून दिलंय, "फायबरच्या ओएनटीला स्वतःचा राउटर लावला की ओएनटी ब्रिजला टाकाच, नाहीतर डबल नॅट." म्हणजे कंपनीचा फायबरचा डबा नुसता पूल म्हणून वापरा आणि जोडणी आपल्या राउटरने करा, नाहीतर पत्त्यांची अदलाबदल (नॅट) दोनदा होते. असले सल्ले वाचून लोक वॅन (कंपनीच्या बाजूचं) कनेक्शन पुसतात, सोबत व्हॉइसचंही उडतं आणि लँडलाइन मुकी होते. नुसता वायफायचा पल्ला वाढवायचाय ना? दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, त्याला ओएनटी वाटतो त्यांच्या बाहेरचा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि केबल वॅनमध्ये नाही, लॅन (घरच्या बाजूच्या) पोर्टमध्ये खोचा. राउटर नुसता अॅक्सेस पॉइंट झाला, डबल नॅट संपलं.

पूल_बांधा: तो धागा माझा. व्हॉइसला हात लावा असं त्यात कुठेही नाही. फक्त इंटरनेटचं वॅन रूटवरून (ओएनटी स्वतःच राउटर असतो तो मोड) ब्रिजवर न्यायचं, व्हीलॅन आयडी (एकाच तारेवरच्या वेगळ्या नेटवर्कचा क्रमांक) आधी टिपून ठेवायचा. तुमच्या पद्धतीत फायरवॉल आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवणं) ओएनटीच्याच ताब्यात राहतं, त्याचं काय?

१४९२: एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) कुणीच बोलत नाही! पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून जोडण्याची पद्धत) ८ बाइट खातं. राउटरवरून डायल करताना १५०० तसेच ठेवले आणि एमएसएस (पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) १४५२ ला क्लॅम्प केला नाही, की काही साइट धडाधड उघडतात, काही नुसत्या गरगरतात. मग दोष ब्रिजला. फ्रॅगमेंट न करता १४६४ बाइटचा पिंग (चाचणीचं पॅकेट) जायला हवा, १४६५ चा अडायला हवा.

उंबरठा: पोर्ट फॉरवर्डिंगवर भांडताय, पण वॅनचा पत्ता बघितला का? १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर सीजीनॅट आहे, म्हणजे कंपनी अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देते. २०१२ पासून हा पट्टा त्यासाठीच राखीव आहे. ब्रिज करा नाहीतर डोक्यावर उभे राहा, बाहेरून कॅमेरा दिसणार नाही. आयपीव्ही६ (नवी, लांब पत्त्यांची पद्धत) वापरा.

पूल_बांधा: आणि आयपीव्ही६ साठीच ब्रिज हवा! त्याशिवाय प्रिफिक्स (पत्त्यांचा गट) आपल्या राउटरला मिळत नाही.

तारजोड: चूक. अॅक्सेस पॉइंट केलात की ओएनटीचा /६४ (एका नेटवर्कपुरता पत्त्यांचा गट) घरभर थेट पोचतो. अर्धवट माहितीवर "टाकाच" म्हणून लिहू नका.

पूल_बांधा: एक /६४, म्हणजे एकच नेटवर्क! कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर टाकायचे तर त्यांना दुसरा /६४ आणणार कुठून? कंपनी /५६ (ज्यात अनेक /६४ मावतात) देत असेल तर तो आपल्या राउटरवरच उतरवायला हवा.

उंबरठा: आणि आयपीव्ही६ ला नॅट नाही, तेव्हा बाहेरून येणारं सगळं फायरवॉलने अडवा. कॅमेऱ्याचं एकच पोर्ट उघडा.

तारजोड: वेगळी व्हीलॅन हवी असेल तर ब्रिज, एवढं मान्य. बाकी घरांसाठी नाही म्हणजे नाही. आणि ब्रिज करणाऱ्यांनी राउटरचा लॅन पत्ता आधी १९२.१६८.१०.१ करावा. ओएनटीही १९२.१६८.१.१ वरच असेल तर नंतर त्याचं पान उघडत नाही.