माजघर आणि स्वयंपाकघरामधली नऊ इंची भिंत काढायची आहे, मदत हवी (सांगली)

नमस्कार. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. खालचा मजला आजोबांनी १९७४ साली बांधला. विटा मातीत रचलेल्या, वर स्लॅब. वरची खोली वडिलांनी १९९३ मध्ये चढवली. नकाशा वगैरे काही शिल्लक नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई वॉकरवर चालते. स्वयंपाकघराचं दार अडीच फुटी, त्यात वॉकर अडकतो, म्हणून सहा महिने ती माजघरात एकटीच जेवते. आम्ही पलीकडे बसून जेवायचं हे आता बघवत नाही.

दोन्ही खोल्या १० बाय १२, मधली भिंत १२ फूट लांब. वरच्या खोलीची एक भिंत बरोबर हिच्यावरच आहे. कुठे बीम खाली आलेला दिसत नाही. मिस्त्री म्हणतात, "स्लॅब आहे की वर, तो धरतो. दोन दिवसांत पाडून देतो, गर्डर पाहिजेच तर नंतर घालू." या 'नंतर'मुळे मला झोप नाही.

दुसरी काळजी पुराची. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा घरात चार फूट पाणी पाच दिवस होतं, २०२१ ला पुन्हा आलं. खालचा गिलावा काढला तर सांध्यातली माती नखानं निघते.

भिंत वजन पेलते का हे पक्कं कसं कळेल? गर्डर घातला तर त्याची टोकं कशावर ठेवायची?

प्रतिसाद:
कृपया मिस्त्रींना थांबवा. मी बरीच वर्षं बांधकामावर देखरेख केली आहे. न बघता आकडे देणार नाही, पण तुम्ही सांगितलंय त्यावरून ही भिंत वजन पेलणारीच धरून चाला. नऊ इंची, खाली बीम नाही, वर दुसरी भिंत. टकटक करून आवाजावरून ठरवू नका.

स्लॅब बहुतेक दहा-दहा फुटांच्या दोन गाळ्यांत (गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर) या भिंतीवर टेकलाय. अशा स्लॅबमध्ये भिंतीच्या डोक्यावर ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून तिथलं लोखंड वर असायला हवं. भिंत काढली की तोच स्लॅब वीस फुटांचा होतो, मध्ये ताण खालच्या अंगाला येतो, आणि तेवढ्या गाळ्याचं लोखंड तिथे घातलेलंच नसतं. शिवाय वरच्या भिंतीचं वजन. म्हणजे आधी दोन्ही बाजूंनी फळी आणि जॅकचे टेकू, मग गर्डर, तो स्लॅबला घट्ट भिडवायचा, आणि मगच उरलेली भिंत. हा क्रम उलटा नको.

तुमच्या बाबतीत मला गर्डरपेक्षा त्याच्या टोकांची भीती जास्त वाटते. बारा फुटांवर पसरलेलं वजन दोन जागी एकवटणार. मातीतली, पुरात भिजलेली वीट तिथे चिरडते. नुसता काँक्रीटचा ठोकळा ठेवून भागेल असं वाटत नाही, पायापासून कॉलम उभे करावे लागतील. आपल्याकडची काळी माती फुगते, आक्रसते, त्यामुळे पाया किती खोल हे स्ट्रक्चरल इंजिनीअरनेच ठरवावं.

पण आईसाठी अख्खी भिंत काढायलाच हवी का? वॉकरला साडेतीन फुटांचं दार पुरतं. दोन्ही टोकांना भिंत राखून, लिंटेल (दारावरची आडवी तुळई) टाकून दार रुंद करता येतं का ते इंजिनीअरला आधी विचारा. त्यालाही टेकू लागतीलच.

धागाकर्ता:
मनापासून आभार. काल इंजिनीअर येऊन गेले. त्यांनी स्लॅबच्या खालचा गिलावा दोन जागी काढून पाहिला. स्लॅब मधल्या भिंतीवरच टेकलाय, आणि वरची सगळी खोलीही. भिंत पूर्ण काढायची नाही असं ठरलं. चार फुटांचं दार, वर लिंटेल, आणि त्याआधी दाराच्या दोन्ही बाजूंची खालची चार फूट वीट थोडी थोडी काढून सिमेंटमध्ये पुन्हा बांधायची.

आता एवढंच सांगा: एका वेळी किती रुंदीची वीट बदलावी? इंजिनीअर दोन फूट म्हणतात, मिस्त्रींना एकदम चार फूट हवी आहे. ज्यांनी पुरानंतर असं काम केलंय त्यांचा अनुभव हवा. टेकू रविवारी लागणार आहेत.