१८९८ चं खग्रास ग्रहण आणि विज्ञानकादंबरी: कल्पित नेमकं कुठे घालावं?

रेवती_लिहितेय
नमस्कार मंडळी. एका कादंबरीवर काम चालू आहे. दिवस २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या, शनिवार. त्या दुपारी कोकणावरून खग्रास ग्रहणाची सावली गेली. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गात दुर्बिणी मांडून बसला होता आणि 'मेलपोमिनी' या आरमारी जहाजावरची माणसं त्याच्या मदतीला होती. माझा नायक गाबीत, म्हणजे दर्यावर जगणाऱ्या मच्छीमार घरातला मुलगा, फोटोच्या काचेच्या प्लेटा वाहून नेण्याच्या कामावर लागलेला. खग्रास स्थितीच्या सुमारे दोन मिनिटांत सूर्याच्या वर्णपटात (प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यात) एक संदेश येतो, माणसाने न पाठवलेला.

ज्यांनी कच्चा खर्डा वाचला ते सगळे एकच सांगतात: बंदर, किल्ला, प्लेगची धास्ती हे खरं वाटतं, संदेश आला की दुसरंच पुस्तक हातात आल्यासारखं होतं. मला इतिहास आणि विज्ञान दोन्ही सारखेच प्रिय आहेत. एकाने दुसऱ्याची नेपथ्यरचना करावी असं नको आहे. हा सांधा कसा जुळवता? आणि टिळक तेव्हा तुरुंगात होते, त्यांना कथेत आणावं का?

गडवाट
विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' आहेत ना, लॉकियरच्या दुर्बिणींचे चौथरे! हेलियमचा शोध तिथेच लागला. मग संदेश हेलियमच्याच रेघेतून येऊ दे, आयताच धागा आहे. आणि शनी अमावास्येला ग्रहण म्हणजे गावात केवढी भीती असेल, ते नक्की घ्या. वेध लागल्यावर पाण्यात तुळशीपत्र, गरोदर बाईला घरात बसवणं, 'दे दान, सुटे गिऱ्हाण' म्हणत फिरणारी माणसं. हे सगळं दुर्बिणींपासून हाकेच्या अंतरावर चाललेलं.

निवृत्त_भौतिकी
गडवाट, गिऱ्हाणाचं अगदी बरोबर. हेलियमचं मात्र तसं नाही. ती गोष्ट १८६८ ची. १८ ऑगस्टच्या त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होता. हेलियमची ती पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहण नसताना अभ्यासली. विजयदुर्गात तो आला १८९८ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधी रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने हेलियम प्रयोगशाळेत मिळवलेला होता, म्हणजे रेवतीताईंच्या कथेच्या दिवशी हेलियमात कसलंच गूढ उरलेलं नाही.

गूढ होतं ते हिरव्या रेघेत! १८६९ च्या ग्रहणात प्रभामंडलाच्या, म्हणजे सूर्याभोवतीच्या तेजोवलयाच्या, वर्णपटात एक हिरवी रेघ सापडली. ती कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. म्हणून सूर्यावर 'कोरोनियम' नावाचं नवं द्रव्य आहे असं धरून चालले. खरा उलगडा झाला १९४० च्या आसपास: ते साधं लोखंड, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. तसं व्हायला तापमान दहा लाख अंशांच्या घरात लागतं, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर सहा हजारांच्याही आत. प्रभामंडल इतकं का तापतं याचं पूर्ण उत्तर आजही मिळालेलं नाही.

तुमचं कल्पित या रेघेत ठेवा. लॉकियरसारखा माणूस जिथे स्वतः निरुत्तर आहे, तिथे वाचक तुमच्याकडे पुरावा मागत नाही. तोही लॉकियरच्या शेजारी उभा राहून पाहतो. बाकी सगळं, भरती-ओहोटीपासून प्लेटांच्या पेट्यांपर्यंत, काटेकोर खरं हवं.

आता एक तांत्रिक हरकत. रेघ लुकलुकली तरी काचेच्या प्लेटेवर ते उमटणार नाही. प्लेट जेवढा वेळ उघडी, तेवढ्या वेळाचा सगळा प्रकाश एकावर एक साचतो. बदल कळायला एकामागून एक घेतलेल्या प्लेटा शेजारी ठेवाव्या लागतील, आणि तरी कुणीही म्हणेल की यंत्रात दोष होता. याला तोड इतिहासानेच ठेवली आहे. त्याच सावलीच्या वाटेवर पुढे करमाळ्याजवळ जेऊर. तिथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्रा. कावसजी नेगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तळ देऊन होते. सावली तिथे विजयदुर्गानंतर काही मिनिटांनी पोचली. दोन्ही ठिकाणच्या प्लेटा जुळवल्या आणि संदेश विजयदुर्गात जिथे तुटला तिथूनच जेऊरला पुढे सुरू झाला, तर यंत्राचा दोष म्हणायची सोयच उरत नाही.

सुलभा_वाचते
सर, हे वाचून अंगावर काटा आला. आणि इतिहास कथेला घट्ट बांधला जातो तो इथेच. जेऊर रेल्वेच्या मार्गावर, विजयदुर्ग समुद्राकाठी. प्लेटा एकत्र आणायच्या तर प्लेगच्या काळातला प्रवास आला: स्टेशनावरची तपासणी, उतरवून घेतलेली माणसं, संशयाची नजर. रँडचा खून होऊन सात महिने झालेले. पुण्याकडच्या तरुणाने कुलूपबंद पेटी घेऊन फिरायचं म्हणजे काय, याचा विचार करा. ही भीती संदेशाइतकीच मोठी आहे, तिला पानं द्या.

टिळकांना प्रसंगात आणू नका. वेदांच्या काळावर ज्योतिषाच्या आधारे लिहिणारा माणूस अशा दिवशी कैदेत आहे, एवढंच वाचकाला ठाऊक असू द्या. त्यांच्या तोंडी संदेशाचा अर्थ घातलात तर सगळी कथा त्यांच्याकडे कलते आणि तुमचा गाबीत मुलगा हरवतो. नारळीकरांनी पानिपतावर विश्वासरावांना लागणारी एक गोळी चुकवली आणि तेवढ्यावर सारा पर्यायी इतिहास उभा केला. एकच बदल करा, पण त्याची किंमत शेवटपर्यंत मोजा.

रेवती_लिहितेय
सुलभाताई, सर, खूप आभार. हिरवी रेघ ठरली. टिळक भिंतीआडच राहतील. पण मुलगा शाळेत गेलेला नाही. प्लेटा धुतल्या जाण्याआधी त्याला काही दिसलं हे तो सांगणार कसं? आणि जेऊरच्या बाजूला कोण असावं?

निवृत्त_भौतिकी
त्याला चित्र काढू द्या. तेव्हा प्रभामंडलाची चित्रं हाताने काढून घेण्याची रीत होती. चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांवर आधी पट्टी बांधत, म्हणजे अंधारलेल्या क्षणी नजर तीक्ष्ण राहते. दर्यावर वाढलेल्या मुलाची नजर आणि स्मरण खलाशांपेक्षा कमी का असेल? कागदावर त्याने जे काढलं ते साहेबाला चूक वाटतं, बाजूला टाकलं जातं.

जेऊरला नेगमवालांच्या हाताखालचा एक कल्पित विद्यार्थी घ्या, पुण्याचा. आदल्या वर्षी त्याच्या घरात सोल्जर तपासणीला शिरलेले. त्याच्या हाती अशी एक प्लेट लागते जी कुठल्याही साहेबाला द्यायची त्याची इच्छा नाही, आणि ती वाचायला मात्र विजयदुर्गातलं ते टाकून दिलेलं चित्रच हवं. दोघांची भेट कशी घडवायची ते तुम्ही ठरवा. ते प्रकरण लिहून झालं की इथे टाका, प्लेटा आणि रसायनं मी तपासून देईन.