शाळेतून परदेशी गेलेली आपली मुलं : अनुभव धागा

मी बेळगावात माध्यमिक शाळेत शिकवते. नववीच्या पालकसभेत परदेशातल्या शाळेबरोबर एक्स्चेंजचा विषय काढला, तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "ते इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम, बाई." मला हे पटत नाही. आपल्या भागातली मुलं जाऊन आलीत आणि तिकडची मुलं आपल्या घरांत राहून गेलीत. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी इथं मोकळेपणानं लिहा. कागद, पैसा, जेवण, भीती, काहीही चालेल. मुलांची आणि यजमान घरांची नावं तेवढी टाळा.

खानापूर, वडील

पासपोर्टपासून सांगतो, कारण सगळं तिथंच अडतं. जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, कन्नडमध्ये. शाळेचा दाखला मराठी शाळेचा. आधारवर मुलीचं आणि माझंच नाव, आडनाव गायब. तिन्हीकडं नाव एकसारखं करून घेण्यातच पावसाळा गेला. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळं जन्मस्थानही जुन्या-नव्या कागदांवर वेगवेगळं दिसतं. अर्ज भरण्याआधी सगळे कागद एकत्र ठेवून एकदा ताडून बघा.

आता बेळगावच्या पोस्टातच पासपोर्टचं केंद्र आहे, हुबळीला जायलाच हवं असं नाही. अठराच्या आतल्या मुलांच्या साध्या पासपोर्टला फी १,००० रुपये. आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं. पंधराच्या आत काढलेला पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षं चालतो, म्हणून सहावीत काढून ठेवलेला असला तरी तारीख बघा.

जर्मनीच्या व्हिसाला रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरून बेंगळुरूला गेलो. बोटांचे ठसे द्यायचे असल्यानं मुलीला न्यावंच लागतं. किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. जून २०२४ पासून व्हिसाची फी ९० युरो झालीय आणि बारा वर्षांवरच्या मुलांना मोठ्यांइतकीच पडते. शाळा खर्च सांगते त्यात हे धरलंय का, ते आधी विचारून घ्या.

येळ्ळूर, माजी विद्यार्थिनी

मी सातवीपर्यंत मराठी माध्यमात होते. आम्ही बव्हेरियात म्युनिकजवळ राहिलो, प्रत्येकजण वेगळ्या घरात. संध्याकाळी चूल पेटतच नाही. ब्रेड, चीज, काकडी, मुळ्याच्या चकत्या, की झालं जेवण. बाहेर साडेआठपर्यंत उजेड. आईनं बेसन बांधून दिलं होतं, त्याचं मी एकदा पिठलं केलं. त्या घरच्या आजीनं ते ब्रेडला लावून खाल्लं आणि पुन्हा मागितलं.

वर्गात खरी कसोटी लागली. तिथं तासाला तोंड उघडून बोलण्याचे गुण असतात, वर्षाच्या निकालात ते धरले जातात. हात वर न करणारी हुशार मुलगीसुद्धा मागं पडते. आपल्याकडं गप्प बसणारी मुलगी शहाणी. सुरुवातीला मला घाम फुटायचा. मग शिक्षिकेनं भारतातल्या शेतीवर विचारलं आणि मी आमच्या बासमतीच्या शिवारावर, रोपलावणीवर बोलत सुटले. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, तरी कुणी हसलं नाही.

एक दिवस वर्गाबरोबर डाखाऊला नेलं. १९३३ साली नाझींनी सुरू केलेली ही छळछावणी. बव्हेरियातल्या शाळा आपल्या मुलांना तिथं आवर्जून नेतात. मी राहिले त्या घरच्या मुलीला तिच्या शिक्षकांनी स्पष्ट सांगितलं, हे आपल्या लोकांनी केलं. ती रडत नव्हती, वहीत लिहून घेत होती. आपल्या पूर्वजांच्या अपराधाबद्दल इतकं सरळ शिकवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पालकांनी मुलांना पाठवावं ते यासाठी, असं मला मनापासून वाटतं. राजवाडे काय, फोनवरही दिसतात.

शहापूर, आई

आमच्याकडं ऑक्टोबरच्या सुट्टीत जर्मन मुलगी राहिली. आधी सासूबाई धास्तावल्या होत्या, "तिला आपलं तिखट सोसायचं काय?" सोसलं की! भाकरी तर तिनं स्वतः थापायला घेतली. कडा फाटायच्या, पण ती पुन्हा गोळा मळायची. दिवाळीचा किल्ला करायला गल्लीतल्या पोरांबरोबर कोपरापर्यंत चिखलात. तट, बुरूज, वर पेरलेली मोहरी, सगळं तिला हवं होतं. मांडे करताना बघून मात्र गप्पच झाली, एवढी पातळ पोळी उलथ्या घागरीवर कशी भाजतात हे तिला कळेना.

घरात परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. तेव्हा सी फॉर्म भरला होता. शाळेनं मदत केली, तरी जबाबदारी घरमालकाचीच. आणि मुलांना वेगळी खोली नसली म्हणून मागं सरू नका. माझ्या मुलीच्याच खोलीत दोघी झोपायच्या, त्यामुळंच त्यांची मैत्री झाली.

निपाणी, शिक्षक

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी. जपानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचा सकुरा सायन्स कार्यक्रम २०१४ पासून चालतो, भारत त्यात २०१६ ला आला. केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि राज्य सरकारांच्या शाळांतली मुलं त्यातून जातात. मुक्काम थोड्या दिवसांचा, घरात राहणं जवळपास नाही, पण विद्यापीठं आणि प्रयोगशाळा बघायला मिळतात. निवड वरून होते, म्हणून मुख्याध्यापकांच्या मागं लागा.

दुसरं, ट्रिप आणि एक्स्चेंज यांत गल्लत करू नका. आमच्या ओळखीच्या एका पालकांनी एका टूरवाल्याला मोठी रक्कम भरली. मुलं हॉटेलात राहिली, शाळेत फोटोपुरती गेली. कोणत्या शाळेशी करार आहे, मूल कुणाच्या घरी राहणार आणि तिकडची मुलं इकडं कधी येणार, याचं उत्तर नसेल तर ती सहल समजा.

टिळकवाडी, वडील

आमचा मुलगा अमेरिकेच्या सरकारी खर्चानं चालणाऱ्या येस कार्यक्रमातून वर्षभर राहिला. पंधरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी आहे, आपल्याकडं एएफएस ही मुलांच्या एक्स्चेंजचं काम करणारी संस्था ते बघते. प्रश्न परत आल्यावरचा. दहावी झाली होती, पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी, तिकडं गेलं. इकडं तो मित्रांच्या एक वर्ष मागं राहिला. आम्हाला ते चाललं, कारण जाण्याआधीच कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून प्रवेश कसा मिळेल ते लेखी घेतलं होतं. ते पत्र नसेल तर निघू नका.