शब्दचर्चा : ‘कार्यकर्ती’ की ‘कार्यकर्त्या’? मालिकेतली बाई राजकारणात आली की तिला काय म्हणायचं?

घाटंजी तालुका, यवतमाळ

आमच्या गावात बचत गटांचा मेळावा आहे. पाहुण्या म्हणून येणाऱ्या बाई आधी मराठी मालिकांत काम करायच्या, आता काही वर्षांपासून एका पक्षाचं काम करतात. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, “मॅडम, नावाखाली काय टाकू?” मी लिहून दिलं, ‘अभिनेत्री व राजकीय कार्यकर्ती’. तासाभरात गटाच्या अध्यक्षांचा फोन आला. ‘कार्यकर्ती’ हलकं वाटते म्हणे, ‘कार्यकर्त्या’ करा. ग्रामसेवकांचं म्हणणं, ‘नेत्या’च लिहा, बाई खूश होतील. सासूबाई सूप पाखडता पाखडता म्हणाल्या, “शिरेलवाली बाई येऊन राह्यली असं लिवा ना, समद्याले समजते.”

मी मराठीच शिकवते, तरी अडले. एकाच बाईला ‘कार्यकर्त्या’ म्हणणं व्याकरणात बसतं का? ‘नेत्या’चं एकवचन काय? आणि ‘अभिनेत्री’ला कोणीच हलकं म्हणत नाही, मग ‘कार्यकर्ती’लाच का?

मेहकर, बुलडाणा (निवृत्त शिक्षक)

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात मौज आहे. ‘नेता’ आणि ‘अभिनेता’ एकाच घरचे. धातू ‘नी’, म्हणजे नेणे. आपलं ‘नेणे’ क्रियापदही तिथलंच. लोकांना पुढे नेतो तो नेता. ‘अभि’ म्हणजे समोर, दिशेने. नाटकातला अर्थ प्रेक्षकांसमोर नेऊन ठेवतो तो अभिनेता. ‘नायक’ आणि ‘नायिका’ही याच धातूचे, आणि संस्कृत नाट्यशास्त्रात नाटकाच्या नायकाला ‘नेता’ असंही म्हणतात. म्हणजे रंगमंच आणि राजकारण यांचं नातं शब्दात पहिल्यापासून आहे.

स्त्रीलिंग मात्र वेगवेगळ्या वाटांनी गेलं. संस्कृतात नेतृचं नेत्री, अभिनेतृचं अभिनेत्री, कर्तृचं कर्त्री. मराठीनं ‘अभिनेत्री’ जशीच्या तशी ठेवली. ‘कार्यकर्त्री’तला र बोलण्यात गळला आणि ‘कार्यकर्ती’ झाली. ‘नेत्री’ पुस्तकात राहिली. ‘ती आमची नेती आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘ती आमची नेता आहे’ म्हणतात, नाहीतर ‘त्या आमच्या नेत्या आहेत’. म्हणजे ‘नेत्या’ हे असं अनेकवचन आहे की ज्याचं एकवचन वापरातच नाही.

असं का झालं? पुरुषाला आदरानं ‘ज्येष्ठ नेते’, ‘कार्यकर्ते’ म्हणतात. तिथे आदर नामात शिरतो. त्याच्या जोडीला बाईसाठी ‘नेत्या’, ‘कार्यकर्त्या’ घडवले गेले. एरवी बाईचा आदर मराठी क्रियापदात ठेवते. ‘मावशी आल्या’ म्हणतो, ‘मावश्या आल्या’ म्हटलं की दोघी-तिघी दारात उभ्या राहतात. ‘राणी लक्ष्मीबाई’ लिहितो, ‘राण्या लक्ष्मीबाई’ नाही. तेव्हा फ्लेक्सवर ‘कार्यकर्ती’ बरोबर, आणि बोलताना ‘कार्यकर्ती आल्या आहेत’. ‘कार्यकर्त्या’ चूक म्हणणार नाही, ती रूढी आहे. पण ‘कार्यकर्ती’ला हलकं म्हणणं मला सोसत नाही.

घाटंजी

गुरुजी, ‘मावशी आल्या’ लगेच पटलं. पण ‘हलकं वाटते’ यामागे व्याकरण नाही, असं मला वाटतं. अभिनेत्री पडद्यावर दिसते. नेत्या स्टेजवर दिसते. कार्यकर्ती कुठे दिसते? ती घरोघरी फिरत असते, सतरंज्या उचलत असते.

माझं लग्न २००० सालचं. त्याच जुलैत स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. गावात केबल आली होती, पण रात्री साडेदहाला लाइट असेलच याचा भरवसा नसायचा. असली की शेजारच्या पाच-सहा बाया आमच्या ओसरीवर. स्मृती इराणी हे नाव कोणालाच माहीत नव्हतं. ती ‘तुळशी’. २००४ ला त्या दिल्लीच्या चांदनी चौकातून लोकसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा ओसरीवर बातमी अशी आली : “ऐकलं का वो, थे तुळशी उभी राह्यली!” कपिल सिब्बलांकडून हरल्या तर बायांना वाईट वाटलं, तेही तुळशीसाठीच.

आता त्यांना लावलेले शब्द पाहा. २००४ ला ‘अभिनेत्री’. २०१४ ला अमेठीत राहुल गांधींकडून हरल्या, तरी केंद्रात मनुष्यबळ विकास खातं मिळालं, मग ‘मंत्री’. २०१९ ला अमेठी पंचावन्न हजारांवर मतांनी जिंकली, ‘खासदार’. २०२४ ला तिथेच किशोरीलाल शर्मांकडून हरल्या, ‘माजी मंत्री’, ‘भाजप नेत्या’. आणि २०२५ च्या जुलैत तीच मालिका नव्यानं सुरू झाली, परत ‘अभिनेत्री’.

सगळे शब्द एकतर पडद्याचे नाहीतर पदाचे. मधली वर्षं कुठे गेली? २००३ ला पक्षात येणं, २००४ ला महाराष्ट्रात युवा मोर्चाचं उपाध्यक्षपद, २०१० ला महिला मोर्चाचं राष्ट्रीय अध्यक्षपद. २०१४ ला हरल्यावर पाच वर्षं त्याच अमेठीत जात राहणं. मंत्रिपद होतं, पण अमेठीनं निवडून दिलेलं नव्हतं. पक्ष कोणाला पटो न पटो, त्या कामाला मराठीत ‘कार्यकर्ती’ हाच शब्द आहे, आणि तोच त्यांच्या नावामागे मी कधी वाचला नाही.

वडसा (देसाईगंज), गडचिरोली

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हा प्रश्न पुरुषांना पडतच नाही. दिवाळी झाली की इकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि रात्रभर नाटक. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग केलेला माणूस, शिवाय नक्षलग्रस्त भागातल्या तरुणांसाठी काम करणारा. त्यांना कोणी ‘नट’ म्हणो, ‘कलावंत’ म्हणो, ‘सामाजिक कार्यकर्ते’ म्हणो, एक शब्द दुसऱ्याला खोटा पाडत नाही.

बाईचं तसं होत नाही. आधी दंडार, खडी गंमत या आमच्या लोकनाट्यांत बाईची सोंगं पुरुषच घ्यायचे, लुगडं नेसून. नंतर नाटकांत बाया आल्या, आणि त्यांच्यासाठी ‘नटी’ हा शब्द. संस्कृत नाटकात सूत्रधाराबरोबर येते ती नटी, किती मानाचा शब्द! पण गावात ‘नटी’ म्हटलं की म्हणणाऱ्याचा आवाज बदलतो. मी हंगामात पडद्यामागे काम करतो, म्हणून रोज ऐकतो. अशी बाई उद्या ग्रामपंचायतीला उभी राहिली तर तिच्या विरोधात दुसरं काही बोलावं लागत नाही, ‘नटी आहे’ एवढं पुरतं. म्हणून आमच्या पत्रकांवर आता ‘कलावंत’ असतं. पुरुष, बाई, दोघांनाही चालतं. तुमच्या फ्लेक्सवर ‘मालिका कलावंत’ लिहिलं तरी शोभेल.

आर्वी, वर्धा

मी निवडणुकीच्या कामावर खर्चाच्या पथकात होतो, तिथला एक शब्द सांगतो. ‘स्टार प्रचारक’. टीव्हीवरची बाई सभेला येणार म्हटलं की हा शब्द येतोच. पण लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ मध्ये ‘स्टार’ नाहीच. तिथे शब्द आहे ‘राजकीय पक्षाचे नेते’. मान्यताप्राप्त पक्षाला अशी ४० नावं देता येतात, नोंदणी असलेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षाला २०. त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. म्हणजे काल पक्षात आलेली अभिनेत्री यादीत बसली की कायद्याच्या भाषेत ती आज ‘नेता’. वीस वर्षं गावात पक्षाच्या पोलचिट वाटणारी बाई त्या यादीत कधीच येत नाही. घाटंजीच्या ताईंचं म्हणणं इथेही खरं ठरतं.

आणि एकदा निवडून आलं की हा प्रश्नच मिटतो. ‘रामायण’ मालिकेतली सीता, दीपिका चिखलिया, १९९१ ला बडोद्याहून लोकसभेत गेल्या. आपल्या अमरावतीत नवनीत राणा २०१९ ला अपक्ष निवडून आल्या, २०२४ ला बळवंत वानखडेंकडून हरल्या. त्या मालिकेतल्या नाहीत, दक्षिणेच्या सिनेमातल्या. ‘खासदार’, ‘आमदार’, ‘मंत्री’ हे शब्द बाई-पुरुष पाहत नाहीत. अडचण येते ती फक्त पदाविना काम करणाऱ्या बाईला हाक मारताना.

मेहकर

दादा, ‘खासदार’ बाई-पुरुष पाहत नाही हे खरं, पण गाव पाहतं. ‘-ईण’ प्रत्यय बघा. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण म्हणजे शिकवणारी किंवा मास्तरांची बायको, जसं घर तसं. ‘सरपंचीण’ आमच्याकडे अजून सरपंचाची बायकोच. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींत बायांना निम्म्या जागा मिळाल्या, मग गावानं नवा शब्द काढला, ‘सरपंचबाई’. ‘-ईण’ लागली की बाई नवऱ्यावरून ओळखली जाते, ‘बाई’ लागलं की खुर्चीवरून. ‘कार्यकर्ती’चा मोठेपणा इथे आहे. ती कार्यकर्त्याची बायको कधीच होत नाही. जे करते त्यावरून ती ओळखली जाते.

धारणी तालुका, अमरावती

मी आशा आहे. इतके दिवस तुमच्या चर्चा नुसत्या वाचते, आज लिहावं वाटलं.

‘आशा’ हे चार इंग्रजी शब्दांचं लहान रूप आहे : अ‍ॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट. २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हाचं. शेवटचा शब्द बघा. त्या मॅडमच्या फ्लेक्ससाठी तुम्ही ज्याचं मराठी शोधून राहिले, तो शब्द आमच्या नावात आधीपासून आहे. सरकारी कागदावर मराठीत मात्र आम्ही ‘आशा स्वयंसेविका’. स्वयंसेविका म्हणजे स्वतःहून सेवा करणारी. मग तिला पगार कशाचा? मोबदला, त्यातला काही कामागणिक. अंगणवाडीच्या ताईही ‘सेविका’, त्यांना ‘मानधन’. शब्दावरून पैसा ठरते, हे मी मोर्चात गेल्यावर समजली.

रात्री दोन वाजता बाळंतिणीसंगे गाडीत बसून दवाखान्यात जाते. कुपोषणाच्या लेकराचं वजन दर महिन्याला पाहते. ग्रामसभेत पाण्याचं बोलते. मले कोणी कार्यकर्ती म्हटलं तर हलकं नाही वाटणार.

वडसा

ताई, तुमचं वाचून आमच्याकडच्या बाया आठवल्या. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली, ती गावागावातल्या बायांनी लावून धरली म्हणून. चंद्रपूरला २०१५ ला झाली, तिथेही बाया रस्त्यावर होत्या. २०२१ ला ती उठवली. त्यांना आम्ही ‘दारूबंदीच्या बाया’ म्हणायचो. मराठीत ‘चळवळ्या’ शब्द आहे, पण तो बोलणाऱ्याच्या तोंडून शिवीसारखा निघतो, आणि त्याचं स्त्रीलिंग मी कधी ऐकलं नाही. ‘आंदोलक’ चालतो, पण तो मोर्चाच्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी ती बाई परत ‘अमक्याची माय’.

घाटंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. धारणीच्या ताई, तुमचं लिहिणं मी काल बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. अध्यक्ष बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आपल्या आशाताईचं नाव कुठी आहे फ्लेक्सवर?” नव्हतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

आता असं ठरलं : वर पाहुण्या बाईंचं नाव, खाली ‘मालिका कलावंत व राजकीय कार्यकर्ती’. त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत आमच्या गावच्या आशाताईंचं नाव, खाली ‘आरोग्य कार्यकर्ती’. पाहुण्या बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नेत्या’ नका लिहू, अजून झाले नाही.

एक शंका उरली, गुरुजी. फ्लेक्सवाला म्हणतो दोघींची नावं एका ओळीत घेतली तर खाली एकदाच ‘कार्यकर्त्या’ टाकू, जागा वाचते. आता दोघी आहेत, तेव्हा चालेल ना?

मेहकर

आता अगदी चालेल.