फार इन्फ्रारेड (far infrared, लांब लहरीची अदृश्य उष्णता) शेकासाठी नक्की काय घ्यावं?

कंबरकसा: आईच्या कंबरेला घरीच शेक द्यायचाय. लाल बल्ब, सिरॅमिक एमिटर (चिनी मातीचा हीटर), कार्बन पॅनल (तापणारी सपाट पाटी), सगळ्यांवर फार इन्फ्रारेडच लिहिलंय, मग फरक काय? तिला शुगर आहे, तळपायाला बधिरपणापण आहे.

तारजोड: लेबल सोडा, तापमान बघा. वस्तू जितकी कमी तापलेली तितकी लहर लांब, २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने (सेल्सिअस अधिक २७३) भागलं की लहरीची लांबी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) येते. फार इन्फ्रारेड म्हणजे ३ मायक्रॉनच्या पुढे. लाल बल्बची तार २००० केल्विनच्या वर तापते म्हणजे ते मुख्यतः निअर (near, आखूड लहरीचं) इन्फ्रारेड, ९० डिग्रीचं कार्बन पॅनल मात्र ८ मायक्रॉनच्या आसपास. सिरॅमिकपण फार इन्फ्रारेडमध्येच बसतं, पण ते ३०० डिग्रीला गेलं तरी उजळत नाही, चालू आहे हे कळतच नाही आणि चुकून हात लागला की संपलं.

उगाचशंका: म्हणजे गरम पाण्याची पिशवीपण फार इन्फ्रारेडच की 😀

तारजोड: हो मग! आणि ते 'हाडापर्यंत पोचतं' वगैरे जाहिरातबाजी, ही लहर कातडीच्या वरच्या मिलिमीटरभरातच शोषली जाते.

शेकोटी: बधिर जागी शेक नकोच, चटका बसलेला कळत नाही. कंबरेचंही आधी डॉक्टरांना विचारा. मग टायमर, ऑटो कट-ऑफवालं पॅनल घ्या, १५-२० मिनिटं बास, आणि लावून झोपू देऊ नका. रोज एकाच जागी शेकून कातडीवर तांबूस जाळी दिसायला लागली तर लगेच बंद.

कंबरकसा: स्टँडवालं की भिंतीवरचं?

शेकोटी: स्टँडवालं, अंतर कमीजास्त करता येतं.