मदत हवी आहे: घरभर एकच गाणे लावले की वायरलेस स्पीकर मागे-पुढे होतात

नमस्कार. घरातल्या सगळ्या खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी ऐकू यावे आणि एका खोलीतून दुसरीत जाताना ते घुमू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. पण हाताशी असलेल्या उपकरणांवर ती काही केल्या पुरी होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सध्याची मांडणी सविस्तर सांगतो, म्हणजे पुन्हा विचारावे लागणार नाही. हॉलमध्ये तारेने जोडलेल्या स्पीकरांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि त्याला एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) जोडला आहे. त्याच रास्पबेरी पायला शेजारच्या झोपण्याच्या खोलीतला ब्लूटूथ स्पीकरही जोडलेला असतो. स्वयंपाकघरात आणि अभ्यासिकेत एकाच कंपनीचे दोन वाय-फाय स्पीकर आहेत आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्यांचा गट केलेला आहे. गाणी एका जुन्या लिनक्स संगणकावर फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या) स्वरूपात साठवलेली असून ती तिथून डीएलएनएने (घरच्या नेटवर्कवरून एका उपकरणातली गाणी दुसऱ्यावर वाजवण्याच्या पद्धतीने) हॉलकडे आणि त्या गटाकडे स्वतंत्रपणे पाठवली जातात. राउटर हॉलमध्ये आहे आणि अभ्यासिकेच्या बाजूला सिग्नल पोहोचावा म्हणून मेशचा एक नोड (वाय-फाय पुढे पोहोचवणारे जोड-उपकरण) लावला आहे.

अडचणी तीन आहेत आणि त्या एकाच जातीच्या वाटत नाहीत. हॉल आणि स्वयंपाकघर सुरुवातीला जवळजवळ बरोबर असतात, पण तासाभराचे सलग ध्वनिमुद्रण लावले तर शेवटी शेवटी गायकाचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. थांबवून पुन्हा लावले की काही काळ ठीक. ब्लूटूथ स्पीकर मात्र पहिल्या क्षणापासून हॉलच्या मागे असतो, परंतु ते अंतर पुढे वाढत नाही. तिसरी अडचण म्हणजे अभ्यासिकेतला स्पीकर अधूनमधून क्षणभर गप्प होतो आणि मग आपोआप गटात परत येतो.

राउटर बंद-चालू करणे, वाय-फायचा चॅनल बदलणे, सगळ्यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे हे सोपस्कार झाले आहेत. स्पीकरच्या कंपनीच्या मदत केंद्राने तिन्ही गोष्टींचे खापर कमकुवत सिग्नलवर फोडले, पण स्वयंपाकघर राउटरला लागून आहे आणि तिथे सिग्नल पूर्ण असतो, त्यामुळे ते उत्तर मला पटलेले नाही. मग हे अंतर हळूहळू वाढते तरी कशामुळे, आणि सगळे स्पीकर मोडीत न काढता काही करता येईल का? टीव्हीचा आवाजही याच स्पीकरांवर आणता आला तर दुधात साखर.

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. सिग्नल कमी असेल तर आवाज तुटतो, तो हळूहळू मागे पडत नाही. डीएलएनएमध्ये स्पीकर फाइलचा पुढचा भाग आधीच ओढून ठेवतो आणि आपल्या वेगाने वाजवतो, आणि हा वेग नेटवर्क नव्हे, तर स्पीकरच्या आतला क्वार्ट्झचा स्फटिक ठरवतो. असे दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. दोघांत दहा लाखांत 50 भाग एवढा फरक धरला, आणि साध्या उपकरणांत तेवढा सहज असतो, तरी दर सेकंदाला 0.05 मिलिसेकंद, मिनिटाला 3 आणि तासाला 180 मिलिसेकंद अंतर पडते. बोललेला शब्द साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा कानावर आला तर मेंदू दोन्ही आवाज एकच मानतो, त्यापलीकडे गेला की तो वेगळा ऐकू येऊ लागतो. म्हणजे या हिशेबाने दहा-बारा मिनिटांतच घोटाळ्याला सुरुवात व्हायला हवी. सुटी गाणी एकामागून एक लावलीत तर हे तितके जाणवणार नाही, कारण प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला दोघांना बहुधा नव्याने आज्ञा जाते आणि साठलेले अंतर पुसले जाते.

म्हणून सगळ्यांना एकाच क्षणी सुरू करणे पुरेसे नसते, वाजत असतानाही त्यांना एका घड्याळाला बांधून ठेवावे लागते. एअरप्ले (अ‍ॅपलची बिनतारी आवाज पाठवण्याची पद्धत), स्नॅपकास्ट आणि लिरियन म्युझिक सर्व्हर (दोन्ही मोफत सॉफ्टवेअर) ही सगळी मंडळी, तपशिलाचे फरक सोडले, तर हेच काम करतात. स्नॅपकास्टचे उदाहरण घेऊ. सर्व्हर ध्वनीचे छोटे तुकडे करतो आणि प्रत्येकावर तो कोणत्या क्षणी वाजवायचा याचा शिक्का मारतो. प्रत्येक स्पीकर सर्व्हरशी सतत वेळ जुळवत राहतो, तुकडे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात (मुळात हा बफर 1000 मिलिसेकंदांचा असतो), थांबवून ठेवतो आणि नेमक्या क्षणी सोडतो. आपला स्फटिक पुढे किंवा मागे जातो आहे असे दिसले की तो एखादा नमुना (ध्वनीचे एक सूक्ष्म मोजमाप) गाळतो किंवा एखादा दोनदा वाजवतो. सेकंदाला 44,100 नमुने असताना वरच्या फरकासाठी त्यांतले दोन-सव्वादोनच इकडेतिकडे करावे लागतात आणि ते कानाला कळत नाही.

तुमच्या कंपनीच्या गटातले दोन स्पीकर आपापसांत जुळलेले राहतात ते याचमुळे: त्यांचे घड्याळ एक आहे. हॉलमधला रास्पबेरी पाय त्या गटाबाहेर आहे, हे दुखण्याचे मूळ. ब्लूटूथचे उलटे आहे. तो स्पीकर रास्पबेरी पायकडून येणाऱ्या प्रवाहाच्या वेगाशी स्वतःला जुळवून घेतो, म्हणून अंतर वाढत नाही, पण आवाज दाबणे, पाठवणे, उलगडणे आणि बफरमध्ये थांबवणे यात साधारण 150 ते 250 मिलिसेकंद जातातच.

प्रतिसाद

अभ्यासिकेबद्दल लिहितो, कारण मदत केंद्राचे म्हणणे तिथे निदान अर्धे खरे असू शकते. सीडीच्या दर्जाचा न दाबलेला आवाजसुद्धा सेकंदाला सुमारे 1.4 मेगाबिटच घेतो, तेव्हा वाय-फायचा एकूण वेग कमी पडत असेल असे मला वाटत नाही. अडचण बहुधा मेशच्या नोडची आहे. हा नोड राउटरशी बिनतारी बोलत असेल तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, आणि त्यात एखादी उडी लांबली की बफर रिकामा होऊन स्पीकर गप्प बसतो. नोड आणि राउटर यांच्यामध्ये इथरनेटची तार टाकता आली तर पहिल्यांदा तेच करा. गाण्यांचा संगणक वाय-फायवर असेल तर त्यालाही तार लावा, म्हणजे हवेवरचा निम्मा भार तिथेच उतरेल.

स्पीकर गटातून गायब होऊन परत येतो यामागे मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना उद्देशून संदेश पाठवण्याची पद्धत) हेही कारण असू शकते. स्पीकर एकमेकांना शोधतात ते मल्टिकास्ट संदेशांनी. वाय-फायवर या संदेशांची पोच मिळत नाही, त्यामुळे हरवलेला संदेश पुन्हा पाठवला जात नाही. काही राउटर 'आयजीएमपी स्नूपिंग' (असे संदेश कोणाकडे पाठवायचे हे ठरवण्याची सोय) चालू असताना हे संदेश गिळून टाकतात. ती सोय एकदा बंद करून आणि एकदा चालू ठेवून फरक पाहा. सगळी उपकरणे एकाच नेटवर्कवर आहेत ना आणि कुणी पाहुण्यांच्या नेटवर्कवर नाही ना, हेही तपासा, कारण तिथे उपकरणांना सहसा एकमेकांशी बोलू दिले जात नाही. रास्पबेरी पायच्या वाय-फायची वीजबचत बंद करा. ती चालू असली की रेडिओ मधून मधून डुलकी घेतो आणि वेळ जुळवण्याचे संदेश उशिरा पोहोचतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. संगणक वाय-फायवरच होता, आता त्याला तार जोडली आहे. वाय-फाय स्पीकरांच्या खोक्यावर एअरप्ले 2 चे चिन्ह आहे, पण त्यांत स्नॅपकास्ट घालण्याची सोय नाही. अशा स्थितीत कोणता मार्ग घ्यावा? आणि अंतर नेमके किती आहे हे कानाच्या अंदाजावर न सोडता मोजता येते का?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

स्पीकरांना एअरप्ले येत असेल तर तीच सगळ्यांची समान भाषा ठरवा. तुमच्या लिनक्स संगणकावर ओनटोन हा सर्व्हर बसवा. तो साठवलेली फ्लॅक गाणी एकाच वेळी अनेक एअरप्ले स्पीकरांना पाठवतो. रास्पबेरी पायवर शेअरपोर्ट सिंक बसवले की तोही एअरप्लेचा स्पीकर होऊन जातो. मग हॉल, स्वयंपाकघर आणि अभ्यासिका तिन्ही एका घड्याळावर येतील. कंपनीच्या अ‍ॅपमधला गट मात्र मोडून टाका, नाहीतर एका स्पीकरला दोन मालक होतील.

यानंतरही थोडे अंतर राहील, पण ते स्थिर असेल. हॉलच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा वाय-फाय स्पीकरमध्ये आवाज सजवणारी डिजिटल प्रक्रिया असेल तर ती स्वतःचा काही वेळ घेते आणि सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. हे अंतर मोजण्यासाठी दर दोन सेकंदांनी एकच तीक्ष्ण टकटक असलेली फाइल तयार करा आणि ती दोन्ही खोल्यांत वाजवा. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, शक्यतो मधल्या दारात, फोन ठेवून ध्वनिमुद्रण करा. ते ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून मोठे करून पाहिले की प्रत्येक टकटकीच्या जागी दोन टोकदार शिखरे दिसतील आणि त्यांच्यामधला वेळ म्हणजेच तुमचे अंतर. पुढचे शिखर कोणाचे हे कळत नसेल तर एका स्पीकरवर उशी ठेवा, ज्याचे शिखर बुटके होईल तो तो. हीच मोजणी अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा करा. आकडा तोच राहिला तर शेअरपोर्ट सिंकमध्ये तेवढी भरपाई एकदाच लिहून टाका. तो वाढलेला असेल तर कुणीतरी अजून स्वतःच्या घड्याळावर चालले आहे, आणि तिथे कितीही भरपाई लिहिली तरी टिकणार नाही.

यात एक मर्यादा राखा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांबच्या स्पीकरचा आवाज तसाही 29 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन खोल्यांमधला फरक पाच-दहा मिलिसेकंदांवर आला की थांबावे, कारण तुम्ही दोन पावले सरकलात तरी तो बदलणार. एकाच खोलीत डावा-उजवा अशी जोडी करायची असेल तर मात्र एका मिलिसेकंदाच्या आतली अचूकता लागते, कारण तेवढ्याने गायक मधून उठून एका बाजूला जाऊन बसतो.

ब्लूटूथ स्पीकरला ऑक्सचे (तारेने आवाज आत घेण्याचे) भोक असेल तर दुसरा एखादा छोटा रास्पबेरी पाय त्याला केबलने जोडून मोकळे व्हा. त्यात ध्वनीची आउटपुट सोय आहे का हे आधी पाहा, सर्व मॉडेलांत ती नसते. ब्लूटूथच ठेवायचे असेल तरी त्याला वेगळा रास्पबेरी पाय द्या आणि त्या एकट्याला तेवढे मिलिसेकंद आधी वाजवायला सांगा. बफरमध्ये पुढचा आवाज आधीच आलेला असल्यामुळे हे शक्य होते. पण स्पीकर तुटून पुन्हा जोडला गेला की हा विलंब थोडा बदलू शकतो, म्हणून मला हा मार्ग आवडत नाही. एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ पद्धतीतली ऑराकास्ट ही सोय एका प्रक्षेपणावर अनेक स्पीकर चालवू शकते, परंतु पाठवणारा आणि ऐकणारा दोघेही त्यासाठी बनलेले असावे लागतात, तेव्हा जुन्या स्पीकरला तिचा उपयोग नाही.

धागाकर्ता

ओनटोन आणि शेअरपोर्ट सिंक दोन्ही बसवले. टकटकीच्या मोजणीत हॉल स्वयंपाकघराच्या 42 मिलिसेकंद मागे निघाला आणि पाऊण तासाने तोच आकडा आला, तेव्हा भरपाई लिहून टाकली. आता दारात उभे राहिले तरी शब्द दुहेरी येत नाहीत. मेशच्या नोडला तार घातल्यापासून अभ्यासिकेतला स्पीकरही गप्प झालेला नाही. झोपण्याच्या खोलीतल्या स्पीकरला ऑक्स आहे, त्याचे काम पुढच्या सुट्टीत करीन. टीव्हीचे काय करावे?

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

टीव्ही या जाळ्यात आणू नका. अशा पद्धतीत सगळ्यांना वेळ जुळवायला सवड मिळावी म्हणून आवाज सेकंद-दोन सेकंद थांबवून ठेवलेला असतो, आणि ओठांच्या हालचालीपेक्षा आवाज 125 मिलिसेकंद मागे पडला तरी पाहणाऱ्याला ते जाणवू लागते. चित्रालाही तेवढेच थांबवता आले तर गोष्ट वेगळी, पण सेकंदभराची अशी सोय टीव्हीमध्ये सहसा नसते. टीव्हीची तार सरळ हॉलच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावा आणि रास्पबेरी पाय दुसऱ्या इनपुटवर ठेवा.