टीमच्या निधीसाठी एलईडी बल्ब विकायचे आहेत: किती मागवावेत, कोणते घ्यावेत?

निधी_समिती:
नमस्कार मंडळी. विद्यार्थ्यांची रोबोटिक्स टीम आहे, 24 जणांची. स्पर्धेचं प्रवेश शुल्क आणि सुट्या भागांसाठी पैसे उभे करायचे आहेत. लोकांच्या घरात खरोखर उपयोगी पडेल अशी वस्तू विकावी, म्हणून एलईडी बल्ब ठरले. घाऊक विक्रेता म्हणतो, 300 नग एकदम उचला, दर कमी करतो. सगळे 9 वॅटचे, पांढऱ्या प्रकाशाचे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. 300 उचलावेत का? 9 वॅट सगळीकडे चालतो का? आणि विकलेला बल्ब महिन्याभरात गेला तर भरपाई कोणी करायची?

जमाखर्च:
उचलू नका. आधी मागणी नोंदवा, पैसे घ्या, मग माल आणा.

कारण हिशेबातच आहे. विक्री किमतीच्या 25 टक्के नफा धरा. मग 300 पैकी 225 विकले जातात तेव्हा कुठे मुद्दल सुटतं. कमाई सगळी शेवटच्या 75 नगांत, आणि नेमके तेच विकायला सर्वांत जड जातात, कारण ओळखीची घरं तोवर संपलेली असतात. इथे एक चूक हमखास होते: खरेदी दरावर 25 टक्के चढवले की विक्री किमतीवर ते 20 टक्केच भरतात. कोणता टक्का म्हणताय ते टीममध्ये आधी पक्कं करा.

नोंदणीला दहा दिवस द्या, शेवटची तारीख एकच ठेवा. तक्त्यात नाव, पत्ता, नग, होल्डरचा प्रकार, प्रकाशाचा रंग, भरलेली रक्कम आणि पावती क्रमांक एवढे रकाने पुरतात. रक्कम पूर्ण आगाऊ. ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याचं नाव पैसे आल्यावरच यादीत घ्या. 24 जणांनी प्रत्येकी सहा घरांतून दोन-दोन नगांची मागणी आणली तरी 288 होतात. ही यादी हातात घेऊन त्याच विक्रेत्याकडे जा आणि 300 चाच दर मागा. दर तोच मिळेल आणि अंगावर माल राहणार नाही. मात्र न विकलेला माल परत घेणार का आणि खराब नग किती दिवसांत बदलून देणार, या दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

तारजोडणी:
मालाबद्दल मी सांगतो.

वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. फिलामेंटचा 60 वॅटचा पिवळा बल्ब साधारण 800 ल्युमेन देतो आणि चांगला 9 वॅटचा एलईडी 800 ते 900. म्हणजे खोलीसाठी 9 वॅट बरोबर आहे. पण 40 वॅटच्या जागी 5–6 वॅट पुरतो आणि 100 वॅटच्या जागी 14–15 वॅट लागतो. पाकिटावर ल्युमेन छापलेलेच नसतील तर तो माल सोडून द्या, दर कितीही कमी असो.

सगळे पांढरे घेणं मला पटत नाही. 6500 केल्विनचा प्रकाश निळसर पांढरा असतो, 2700–3000 चा पिवळसर. एकाच खोलीत तीन पिवळसर आणि एक पांढरा लागला की तो बल्ब परत आलाच म्हणून समजा. दोन रंग ठेवा, त्याहून जास्त नकोत.

होल्डर नोंदणीच्या वेळीच विचारा. दाबून फिरवायचा, दोन पिनांचा तो बी22. आट्यांचा मोठा तो ई27, आट्यांचा लहान तो ई14. आकडा म्हणजे टोपीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ग्राहकाला नाव सांगता येत नसेल तर बटण बंद करून, बल्ब थंड झाल्यावर काढून टोपीचा फोटो मागवा.

तक्रारी कुठून येतात तेही पाहून ठेवा. बहुतेक वेळा एलईडीच्या चिपा जात नाहीत, बुडख्यातला ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारं सर्किट, जातो. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) उष्णतेने सुकतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी बल्ब देऊ नका. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर, साधा बल्ब फडफडतो. आणि ज्या बटणात बारीक इंडिकेटर दिवा असतो, तिथे बटण बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपतो, कपॅसिटर हळूहळू भरतो आणि अंधारात दर काही सेकंदांनी बल्ब डोळा मिचकावतो. बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेलं असेल तरी असंच होऊ शकतं. यात दोष बल्बचा नाही. बंद गोळा, डिमर, इंडिकेटर या तिघांसाठी तक्त्यात हो/नाहीचा एक-एक रकाना घाला, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

खरेदीआधी वेगवेगळ्या खोक्यांतून 20 नग घेऊन 24 तास सलग पेटते ठेवा. पेटलेल्या बल्बवर मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे. माल आल्यावर प्रत्येक नग एकदा पेटवून बघा. दहा होल्डरची पट्टी असेल तर 300 बल्ब तासाभरात होतात. ही पट्टी मात्र वायरमनकडूनच करून घ्या, विद्यार्थ्यांनी मुख्य विजेच्या उघड्या तारांना हात लावायचा नाही.

निधी_समिती:
खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. दारात लोक पहिलं विचारतात ते ‘आमचं किती वाचेल?’ पाकिटावर 25,000 तास लिहिलंय, तेच सांगावं का?

युनिट_मोजा:
तासांवर विक्री करू नका. तो आकडा बहुधा प्रकाश मूळच्या 70 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो. रोज 5 तासांच्या हिशेबाने तो 13 वर्षांच्या पुढे जातो. इतक्या वर्षांचा शब्द टीम देऊ शकत नाही. वॉरंटी जेवढी लिहून मिळाली आहे तेवढीच बोला.

बचतीचं सूत्र सोपं आहे: जुन्या आणि नव्या वॅटमधला फरक, गुणिले रोजचे तास, गुणिले 365, भागिले 1000. उत्तर युनिटमध्ये येतं. 60 वॅटच्या जागी 9 वॅट, रोज 5 तास: वर्षाला 93 युनिट. 14 वॅटच्या सीएफएलच्या जागी 9 वॅट: 9 युनिट. आणि तोच 60 वॅटचा बल्ब अडगळीच्या खोलीत रोज 10 मिनिटं लागत असेल तर जेमतेम 3 युनिट. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: ‘घरातला कोणता दिवा सर्वांत जास्त वेळ चालू असतो?’ तो अजून पिवळा असेल तर तिथे बल्ब द्या. युनिटचा दर ग्राहकाच्याच बिलावरून घ्या आणि गुणाकार त्याच्यासमोर करा. घरात आधीपासून एलईडीच असतील तर बचत होणार नाही, हे सरळ सांगा. त्यांना हवा असेल तर एखादा जादा नग म्हणून घेतील.

एखाद्या जागी टेबल मांडणार असाल तर दोन होल्डर, 60 वॅटचा पिवळा, 9 वॅटचा एलईडी आणि प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर ठेवा. उजेड सारखा आणि मीटरवर आधी 60, मग 9, हे डोळ्यांनी दिसलं की बोलावं कमी लागतं. पिवळ्या बल्बपासून वीतभर अंतरावर हात धरायला सांगा. जवळ नको, काच चांगलीच भाजते.

जमाखर्च:
बदलीचं राहिलं होतं. 25 टक्के नफ्याच्या हिशेबात एक बल्ब पदरचा बदलून दिला की तीन बल्बांचा नफा गेला. म्हणून बदली विक्रेत्याकडूनच हवी. तो तयार नसेल तर 3 टक्के नग जास्त घ्या, 288 वर 9, आणि त्यात 27 बल्बांचा नफा अडकणार हे धरूनच किंमत ठरवा.

पावती क्रमांक आणि तारीख न पुसणाऱ्या पेनाने बल्बच्या बुडख्यावर लिहा. पाकिटावर लिहून उपयोग नाही, पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात जातं. वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे माल आल्यावर आठवड्याच्या आत वाटप संपवा. वाटपाला दोघं-दोघं जा, सोबत एक मोठं माणूस असू द्या. ‘जरा लावून दे ना बाळा’ असं आजी-आजोबा प्रेमाने म्हणतील, तरी स्टुलावर कोणीही चढायचं नाही. रोख रक्कम दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची आणि त्याच दिवशी जमा करायची.

निधी_समिती:
शेवटचं एक. लोक जुने बल्ब आमच्याकडेच देऊ बघतात. घ्यावेत का? आणि वीज गेल्यावरही चालणारे बॅटरीचे बल्ब ठेवावेत का?

तारजोडणी:
बॅटरीचे पहिल्या खेपेला नकोत. आत लिथियमची बॅटरी असते, ती नुसती पडून राहिली तरी उतरते, आणि विक्रेत्याकडे माल किती दिवसांचा आहे हे बाहेरून कळत नाही. शिवाय त्याचं बटण चालू ठेवावं लागतं. बटण बंद केलं की अंधार, मग ‘चालत नाही’ म्हणून फोन.

जुने फिलामेंटचे बल्ब घ्यायला हरकत नाही, सीएफएल घेऊ नका. त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो, आणि पिशवीत एकावर एक टाकले की फुटतात. तुमच्या भागात ई-कचरा कुठे घेतात तो पत्ता पावतीच्या मागे छापा. एखादा फुटलाच तर खिडक्या उघडून सगळ्यांनी 10–15 मिनिटं खोलीबाहेर जायचं. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरायचा नाही, पारा आणखी पसरतो. हातमोजे घालून तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलायचे, बारीक चुरा चिकटपट्टीने, ओल्या कागदाने जागा पुसायची आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून त्याच ई-कचरा केंद्रात द्यायचं.